भीमाकाठचा समुद्री चाचा

मी एक जुना यंत्रमानव आहे. जुना म्हणजे लढाया लढून थकलेला नव्हे, तर सोलापूरच्या एका दुकानात काचेआड उन्हात राहून पिवळा पडलेला. मित्रांनो, माझा जन्म एका खोक्यात झाला आणि तोही तुकड्यातुकड्यांनी. हात, पाय, डोकं, छाती, सगळं प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेलं होतं, वेलीला घेवड्याच्या शेंगा लटकाव्यात तसं. ते कापून, घासून, एकमेकांत बसवलं की मी उभा राहणार होतो. खोक्यावरच्या चित्रात मात्र मी आधीच उभा होतो, निळ्या आभाळाखाली, छाती काढून. ते चित्र पाहून माझ्या डोक्यात जरा हवा गेली होती.

मला विकत घेतलं सुनीलकुमार यांनी. कर्नाटकात, आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्यात त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. सामान आणायला ते सोलापूरला आले आणि मुलीसाठी मला घेऊन गेले. मुलीचं नाव रूपा. "दिवाळीच्या सुट्टीत दोघं मिळून जोडू," असं त्यांनी तिला सांगितलं आणि मला कपाटावर ठेवलं. पण दिवाळीआधीच कडबा कापायच्या यंत्रात त्यांचा उजवा हात सापडला. दवाखान्यातून ते परत आले तेव्हा मनगटाच्या पुढे काहीच नव्हतं.

मग माझी आठवण कोण ठेवणार? मी कपाटावर पडून राहिलो. खोक्याला एक फट होती. तिच्यातून दुपारचा वारा यायचा, तुरीच्या भुसकटाचा वास यायचा, शेरडांच्या गळ्यातली घुंगरं वाजायची. त्या आवाजात मला गुंगी यायची आणि चित्रातलं निळं आभाळ खाली उतरून पाणी व्हायचं. मी त्या पाण्यावर तरंगत राहायचो, न जोडलेल्या हातापायांनी. खरं सांगतो, ते दिवस मला आवडायचेही.

त्या फटीतून आणखी एक गोष्ट दिसायची. जेवायची वेळ झाली की सुनीलकुमार शेरडांच्या खोपटात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. डाव्या हातानं चारचौघांत जेवायची त्यांना लाज वाटायची. त्यांची आई अनसाबाई भाकरी आमटीत कुस्करून ताट तिथं नेऊन द्यायची आणि गुपचूप परत यायची. तुटलेलं मनगट कायम टॉवेलाखाली. दुकानाला कुलूप. रूपाची आई रोजानं तुरीच्या शेतात जायची आणि घर कसंबसं चालायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रूपानं मला खाली काढलं. जोडणीच्या कागदावरची भाषा घरात कोणालाच येईना. मराठी, कन्नड, उर्दू, तिन्ही बोलणारं घर चौथीपुढं हरलं! पण चित्रं होती. रूपानं नखं कापायच्या यंत्रानं माझे तुकडे चौकटीतून सोडवले, फरशीवर घासले आणि चार दुपारींत मी उभा राहिलो. काय सांगू मित्रांनो, स्वतःच्या पायावर उभं राहण्याची गोडी वेगळीच असते.

पण रूपाला साधा यंत्रमानव नको होता. तिनं आईच्या मोबाइलवर समुद्री चाचा पाहिला होता, जहाजं लुटणारा, एका हाताला लोखंडी आकडा असलेला. समुद्र तिनं पाहिला नव्हता, त्यांच्या घरात कोणीच पाहिला नव्हता. तरी तिनं बंद दुकानातून भंगार गोळा केलं. करवतीच्या तुटक्या पात्याची तलवार ठरली. वेल्डिंगच्या नळीचं जुनं पितळी टोक माझ्या खांद्यावर तोफ म्हणून चढलं. बसच्या फाटक्या सीटचं काळं रेक्झिन कापून एका डोळ्यावर पट्टी आली. सायकलची तार वाकवून तिनं आकडा केला, तेव्हा अनसाबाई खळखळून हसली.

"अगं, ही तर आपली आकडी की! शेरडाला बाभळीचा पाला वढायची."

खरंच होतं ते. धनगराच्या नातीनं आकडा म्हणून जो पाहिला होता, तोच केला. चित्रातल्या चाच्याचा आकडा आखूड आणि जाडजूड. माझा लांबसडक, टोकाला नाजूक वळलेला. जहाजं लुटण्यापेक्षा शेळ्यांना जेवू घालायच्या कामाचा. मला तो मनापासून आवडला.

आता तो बसवायचा कुठे? रूपानं करवतीचं पातं घेतलं आणि माझ्या उजव्या मनगटावर टेकवलं. मी भीतीनं गारठलो. ओरडायला तोंड नव्हतं, पळायला पाय होते पण त्यांना बळ नव्हतं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"चांगला हात कामून कापायलीस?"

सुनीलकुमार उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"समुद्री चाच्याला हात नसतोय, अप्पा. आकडा असतोय," रूपा म्हणाली.

"म्हणून धडधाकट हात तोडायचा व्हय?"

रूपा घाबरली, पण मागे हटली नाही. "तो डाव्या हातानं तलवार फिरवतोय. सगळं जहाज त्याला भितंय. कुणीच हसत न्हाई त्याला."

बाहेर एक शेळी उगाच ओरडत होती. मग सुनीलकुमार हळूच खाली बसले. "कापू नको," ते म्हणाले. "मनगटाला गोटी हाय बघ. खोबणीतनं निघतोय हात. काढून ठेव नीट, कधी लागला तर."

टक् आवाज झाला आणि माझा हात निघाला. जराही दुखलं नाही. रूपानं तो काडेपेटीत ठेवला. पण त्या खोबणीत आकडीची तार बसेना, ढिली पडायची. सुनीलकुमार थोडा वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. तुटलेल्या मनगटानं त्यांनी मला फळीवर दाबून धरलं आणि डाव्या हातात कानस घेतली. तो डावा हात शाळेत न गेलेल्या पोरासारखा अडाणी होता. कानस घसरायची, तार पडायची. रूपा उचलून द्यायची. माझ्या छातीवर त्या मनगटाचा भार होता. ते ऊबदार होतं, खरखरीत होतं, आणि मला तिथं झोप येत होती. मी जागा झालो तेव्हा आकडी घट्ट बसली होती आणि माझ्या डाव्या हातात तलवार होती.

त्याच आठवड्यात महादेवीचा फोन आला. महादेवी म्हणजे सुनीलकुमार यांची थोरली बहीण, अफजलपूरकडे दिलेली. लग्नाला खूप वर्षं झाल्यावर तिला मुलगा झाला होता आणि त्याचं जावळ काढायचं होतं. जावळाला बाळ मामाच्या मांडीवर बसतं, आणि पंगतीत पहिला घास मामाचा. त्याआधी कोणी तोंडात काही घालत नाही.

"अक्का, दुसऱ्या कुणाला तरी बसव," सुनीलकुमार म्हणाले.

"मामा काय बाजारात मिळतोय व्हय?" पलीकडून महादेवी कडाडली आणि मग रडायला लागली. सुनीलकुमार यांनी फोन अनसाबाईच्या हातात दिला आणि खोपटात निघून गेले.

ते जाणार की नाही, हे जावळाच्या सकाळपर्यंत कोणालाच कळलं नाही. आम्ही बसथांब्यावर पोचलो, तर धुतलेला सदरा घालून ते आधीच तिथं उभे होते. टॉवेल मात्र होता.

मी रूपाच्या हातात होतो. महादेवीच्या सासरचं शेत भीमेच्या काठावर आहे. उसाच्या फडामागे अचानक पाणी दिसलं, रुंद, शांत, उन्हात चकाकणारं. मला वाटलं, हाच तो समुद्र! इतके महिने स्वप्नात पाहिलेला. रूपानं मला उंच धरलं आणि वाऱ्यानं माझ्या डोळ्यावरची पट्टी फडफडली. भीमा असेल हो, मला काय करायचंय? माझ्यापुरता तो समुद्रच होता.

जावळ नीट पार पडलं. बाळ मामाच्या मांडीवर हातपाय झाडत होतं, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं आणि टॉवेल आपोआप खाली पडला. कोणी तो उचलून दिला नाही.

मग पंगत बसली. पत्रावळीवर ज्वारीची भाकरी, बोकडाचं मटण, भात. सुनीलकुमार पहिल्या पानावर. शेजारी रूपा आणि तिच्या पानाजवळ मी. सगळ्यांचे हात पानावर येऊन थांबले. सुनीलकुमार खाली मान घालून बसले होते. एका टोकाला लहान मुलं चुळबुळ करायला लागली. अनसाबाई धावत आली. "मी आत नेऊन देते त्याला," म्हणत तिनं पत्रावळीला हात घातला.

"असू द्या, विहीणबाई," महादेवीचे सासरे म्हणाले. "आम्हाला काय घाई न्हाई."

एवढंच बोलून ते म्हातारे गृहस्थ स्वस्थ बसून राहिले, आणि त्यांच्याकडे बघून सगळी पंगत स्वस्थ बसली. मटणावरची वाफ विरत गेली. तरी कोणी हललं नाही.

शेवटी सुनीलकुमार यांनी तुटलेलं मनगट सगळ्यांसमोर भाकरीवर दाबलं, डाव्या हातानं तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात घातला. महादेवीनं पदर डोळ्यांना लावला. सासऱ्यांनी फक्त "मामाला रस्सा वाढा रे" अशी हाक दिली आणि चारी बाजूंनी जेवण सुरू झालं.

मित्रांनो, आज मी सुनीलकुमार यांच्या पुन्हा उघडलेल्या दुकानात, खिडकीत उभा असतो. येणारी मुलं माझी तलवार पाहतात, तोफ पाहतात आणि मी कुठली लढाई जिंकली ते विचारतात. मी एकही जिंकली नाही. पण लढाई जिंकलेली पाहिली आहे, आणि ती जिंकताना शंभर माणसं नुसती उपाशी बसून होती. तुमच्याही पंगतीत एखाद्याचा हात अडला, तर त्याचं ताट उचलून आत नेऊ नका. आपला घास तसाच ठेवून थोडं थांबा.