हाज जुबाराची शपथ

रमझानात सूर्य कलला की गावातले बाप्ये हमरस्त्याच्या कडेला चटया अंथरत, घराघरांतून गरम असीद्याच्या, म्हणजे पिठाच्या घट्ट उकडीच्या, पराती येत, आणि हाज जुबारा रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राही. येणारी गाडी अडवायची आणि आतल्यांना रोजा सोडायला खाली उतरवायचं, हे त्याचं काम. बस असो की कांद्याचा ट्रक, त्याच्या तावडीतून कुणी उपाशी सुटलं नव्हतं. फारच कुणी नाही म्हटलं तर तो शपथ घाली, "माझ्या चटईवर जेवला नाहीत, तर माझ्या बायकोला तलाक!" आमच्याकडे सगळेच बाप्ये ही शपथ घालतात. परक्याचा संसार मोडायला कोण धजणार? माणसं मुकाट्यानं जेवायला बसतात.

त्याची बायको शामा यावरून भडकायची. "पाहुणे तुमचे, असीदा ढवळायचा मी, आणि वर पणालाही मलाच लावायचं!"

दोन वर्षांपूर्वी शामा लेकीच्या, इख्लासच्या, बाळंतपणाला राजधानीत, खार्तूमच्या कलाकला भागात गेली आणि तिकडे लढाई पेटली. भाग बंडखोरांच्या हाती गेला, फोन बंद पडले. ती जिवंत आहे की नाही, एवढंसुद्धा जुबाराला कळेना. तिच्या खाटेवरची चादर तो स्वतः धुवायचा आणि कुणी हसलं तर शिव्या घालायचा.

यंदाच्या रमझानात एका संध्याकाळी दक्षिणेकडून फौजेचे ट्रक आले. जुबारा सवयीनं आडवा झाला. पुढच्या ट्रकमधून पोरसवदा कॅप्टन उतरला.

"हाज, बाजूला व्हा. कलाकला परत घ्यायला निघालोय. थांबायला वेळ नाही."

नकार ऐकला की जुबाराचं तोंड आपोआप सुटायचं. "माझ्या चटईवर जेवला नाहीत, तर माझ्या बायकोला तलाक!"

मग त्याच्या डोक्यात कलाकला शिरलं. त्यानं जीभ चावली, पण शपथ सुटून गेली होती. शेजारी तिजानीनं कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, शामालाच सोडवायला चाललेत ते!"

जुबारा रस्त्यातच बसला. यांना थांबवावं तर शामाची सुटका लांबणार, जाऊ द्यावं तर शामा आपली राहणार नाही. रोजा सुटायला अजून अवकाश होता, त्यामुळे घाईनं चार घास भरवायचीही सोय नव्हती. म्हातारा ढसाढसा रडायला लागला.

"जा तू, पोरा. मी मूर्ख आहे. ती जगू दे, माझी नसली तरी चालेल."

कॅप्टन हसला, पण त्याचेही डोळे भरले होते. "माझ्या बापानं आईला असंच जन्मभर पणाला लावलंय. उठा हाज, चटया ट्रकात टाका. अजान झाली की चालत्या गाडीत जेवू. चटई तुमची, अन्नही तुमचंच. मग झालं?"

अख्खं गाव धावलं. प्रत्येक ट्रकात एकेक तुकडा जावा म्हणून तिजानीनं सुरीनं चटया कापल्या. पराती, खजूर, सरबताची भांडी वर चढली. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं, पण जुबारा ट्रकामागे धावत ओरडला, "तिचं नाव शामा! आणि गाडी हाकणाऱ्याला भरवा रे कुणीतरी!"

कलाकला सुटल्याची बातमी आली. शामाची आली नाही. ईद होऊन गेली आणि मग एका दुपारी लॉरीतून ती उतरली. अंगावर मांस उरलं नव्हतं. मागून इख्लास आणि चालायला लागलेलं नातवंड. जुबारा धावत पुढे आला.

"शामा, मी पुन्हा तुझी शपथ घातली. माफ कर मला."

"ठाऊक आहे. सैनिक गल्लीत शिरले, तेव्हा त्यांतला एक जण दारोदार ओरडत होता, 'हाज जुबाराची शामा कुठली? तिला सांगा, आम्ही सगळे जेवलो, तलाक झालेला नाही!'"

जुबारानं शरमेनं मान खाली घातली. शामानं ती हनुवटी धरून वर केली.

"लोक सांगत होते, तुमच्या गावात कुणी उरलं नाही. मी तुमच्यासाठी रडूनही घेतलं होतं. त्या पोराचं ऐकलं आणि इख्लासला म्हटलं, तुझा बाप जिवंत आहे गं. इतकं येडं माणूस दुसरं कोण असणार?"