मटणावरचा लाल ठिपका

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये धाकटीला नोकरी लागली तेव्हा तिच्या वडिलांना आभाळ ठेंगणं झालं. ते तिथले मुख्य आचारी. सगळे त्यांना वस्ताद म्हणत, आणि त्यांच्या हातच्या मटणासाठी सुट्टीवरची माणसंसुद्धा डबा घेऊन येत. धाकटीचं काम मात्र चुलीपाशी नव्हतं. कोणता पदार्थ तयार होताना जमीन, पाणी, हवा यांच्यावर किती भार पडतो, ते जेवणाऱ्यांना कळावं म्हणून पदार्थांच्या पाट्यांवर तिने ठिपके लावायचे होते. कमी भाराला हिरवा, मधल्याला पिवळा, जास्तीला लाल.

मटणाला लाल लावायचा, हे वडिलांना सांगायचा तिला धीर होईना. ते मागे कांदा परतत होते तेवढ्यात तिने तो चिकटवून टाकला.

झालं भलतंच. रांगेतला एक वेल्डर ताट पुढे करून ओरडला, "आज लाल आहे! म्हणजे झणझणीत असणार. दोनदा वाढा!" लाल म्हणजे तिखट, असंच सगळ्यांनी धरलं आणि पातेलं बघता बघता रिकामं झालं.

"तुझ्या ठिपक्याचा पायगुण चांगला आहे हं," वस्ताद कौतुकाने म्हणाले.

धाकटीला कसंनुसं झालं. घरी जेवायला बसल्यावर तिने एकदाचं सांगितलं, "बाबा, लाल म्हणजे तिखट नाही. मटणाने नुकसान जास्त होतं. जनावरांना चारा लागतो, चाऱ्याला जमीन, आणि जमिनीसाठी जंगल तुटतं."

वस्तादांचा घास हातातच राहिला. "म्हणजे जन्मभर मी लोकांच्या ताटात नुकसान वाढलं?"

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

उत्तराची वाट न बघता ते भरल्या ताटावरून उठले. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं आईच्या तोंडून होऊ लागलं. "हिला म्हणावं, दार लाव." "त्यांना म्हणावं, लावलंय."

ठिपका मुका आहे हे कळल्यावर धाकटी रांगेपाशी उभी राहून एकेकाला समजावू लागली. कुणी ऐकायचं, कुणी मान फिरवायचं. एकदा तो वेल्डर चिडला. "बापाच्याच पोटावर पाय देतेस होय गं?"

रांग हसली. आतला झाऱ्याचा आवाज थांबला. वस्ताद हात पुसत बाहेर आले.

"हसू नका," ते म्हणाले. "खरं आहे ते. मला झोंबलं, म्हणून खोटं होत नाही." मग तिच्याकडे न बघताच विचारलं, "बंद करायचं का मटण?"

"बंद नाही. रोज नको, एवढंच."

"रोज नको," ते पुटपुटले आणि आत गेले.

मटण आठवड्यातून एकदाच होऊ लागलं. इतर दिवशी वस्ताद राजमा, वाटाणा, मसूर शिजवू लागले. पण उभी हयात मटणात गेलेला हात तो. मसाल्याचा मेळ बसेना. वेल्डरने अर्धं ताट तसंच टाकलं. त्याच्यामागे आणखी बऱ्याच जणांनी टाकलं. वस्तादांचं अन्न उष्ट्याच्या बादलीत पडताना धाकटीने पहिल्यांदाच पाहिलं. तेही खिडकीतून बघत होते.

जेवणं आटोपल्यावर ती आत गेली. वस्ताद दुसऱ्या दिवसासाठी थोडासा राजमा करून बघत होते. त्यांनी चमचाभर काढला, फुंकर घातली आणि तिच्यापुढे धरला.

"चाखून बघ."

पहिल्यांदा तिच्या मनात आलं, छान आहे म्हणावं. तिने घास सावकाश गिळला.

"कच्चट लागतोय, बाबा."

"हं," ते म्हणाले आणि त्यांनी आच वाढवली.