शेपटीला धरायचं नाही

लेकीच्या आजारपणासाठी घेतलेली तीन आठवड्यांची रजा संपली, प्राणिघराचं दार उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. वीस पिंजरे, चाळीस उंदीर, आणि एकही तोंड वर करून बघेना. बारा वर्षं हे काम करतेय. मी आत आले की माझे उंदीर जाळीला नाक लावतात. हे सगळे कोपऱ्यात भुशाखाली दडून बसलेले. एकाला हात लावायला गेले तर तो मुतला आणि वर कडकडून चावला.

माझ्या जागी कोण होतं ते विचारायची गरजच नव्हती. त्याला सगळे तुफान म्हणतात, कारण तो वीस पिंजरे पंधरा मिनिटांत बदलतो. कसे बदलतो ते कोणी बघत नाही. शेपटीला धरतो, उलटा लटकवतो, दुसऱ्या पिंजऱ्यात टाकतो, की पुढचा. मला विचाराल तर त्यालाच एकदा तंगडीला धरून तसं उचलायला हवं.

दहा वाजता सर आले. प्रयोग त्यांचा. माणूस हुशार, त्याबद्दल वाद नाही. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तिथून सेरोटोनिन सगळ्या मेंदूत जातं. पाहुणे आले की सर ते भिंतीवरच्या चित्रात दाखवतात, आणि फडकं मारता मारता ते मलाही पाठ झालंय. लोकांना वाटतं सेरोटोनिन म्हणजे आनंदाचं टॉनिक, जितकं जास्त तितकं बरं. तसं नसतं. त्या पुंजक्यातून एक वाट भीतीच्या जागेकडे जाते, ती धास्ती वाढवते. दुसरी कपाळामागे जाते, ती ताण आला तरी हातपाय गाळू देत नाही. सर उंदराच्या डोक्यात केसाएवढी काचेची तार बसवतात आणि त्या दुसऱ्या वाटेवर उजेड पाडतात. मग भिंतीआड दडणारा उंदीर उघड्या फळीवर चालायला लागतो. निदान मागच्या वेळचे तरी चालले होते.

"बाई, ही खेप खराब निघाली," सर म्हणाले. "उजेड पाडला तरी एक बाहेर येत नाही. उद्या सगळे संपवू, नवे मागवू."

"उंदीर खराब नाहीत, सर. हात खराब आहे."

"हाताचा काय संबंध? आपण थेट मेंदूतली वाट उघडतोय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तीन आठवडे रोज सकाळी तुम्हाला कोणी उलटं टांगलं, आणि मग डोक्यात दिवा लावून म्हणालं, चला फिरायला, तर जाल का तुम्ही?"

मी मनगटावरचं घड्याळ काढलं, एका पिंजऱ्यात हात घातला, तळवा वर करून भुशावर ठेवला आणि थांबले. सर चुळबुळ करत होते. चार मिनिटांनी एक उंदीर आला, बोटाचं टोक हुंगून पळाला.

"आज एवढंच," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी तळहातावर चढला तरी उचलायचा नाही. मला दहा दिवस द्या."

"मला या आठवड्यात निकाल द्यायचाय."

"मग खोटा द्या."

हे मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावली. दहा दिवस मिळाले. सरांच्या तक्त्यात उंदराचं वय आहे, वजन आहे, उजेड किती सेकंद पाडला ते आहे. उंदीर कोणी आणि कसा उचलला, याला रकाना नाही. एवढी शिकलेली माणसं, आणि एक रकाना सुचू नये.

संध्याकाळी घरी आले तीही धुमसतच. लेक अंथरुणातच होती. बावीस वर्षांची पोरगी, चार महिन्यांपूर्वी कामावर जाताना छातीत धडधडलं म्हणून परत फिरली ती फिरलीच. गोळ्या सुरू होऊन तेविसावा दिवस होता. सुरुवातीला धास्ती वाढू शकते, फरक पडायला काही आठवडे लागतात, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मला सांगायला नको होतं, मी सेरोटोनिनवाल्यांतच आयुष्य काढलंय. गोळी पोटात जातेय, मग हिला उठायला काय होतं, असा माझा हिशोब. रजेत रोज सकाळी मी तिचं पांघरूण ओढायची आणि तिला बाथरूमपर्यंत न्यायची. तिनं उठावं, मला दुसरं काही नको होतं.

आताही मी पांघरूण ओढलं. "ऊठ, तोंड धू. आज काय झालं ते तरी ऐक." आणि तिला उठवता उठवता तुफानची सगळी कहाणी सुनावली. "शेपटीला धरतो मेला! मुका जीव. वर हे म्हणतात उंदीरच खराब. अगं, ज्याला असं फरफटवलं तो कशाला बाहेर येईल?"

ती अर्धवट उठून बसली होती. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

"आई, मग तू मला कुठे धरलंयस?"

मी खाली बघितलं. माझी मूठ तिच्या मनगटावर होती. सोडली तर चार बोटांचे पांढरे ठसे उठलेले, आणि त्यांच्या शेजारी गेल्या आठवड्यातले, पिवळे पडत आलेले.

राग आला, आणि पहिल्यांदा तिचाच आला. एवढं करतेय तिच्यासाठी, आणि वर हे ऐकून घ्यायचं? मग माझा इतका आला की ओरडायलाही तोंड उरलं नाही. उंदरांसाठी मी दहा दिवस भांडून घेतले होते. हिला एका सकाळी पाच मिनिटंसुद्धा दिली नव्हती.

ती पुन्हा आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. मी पांघरूण तिच्या अंगावर घातलं. घड्याळ काढून खिशात टाकलं. पलंगाच्या कडेला जमिनीवर बसले, तळवा वर करून हात गादीवर ठेवला आणि गप्प राहिले. गप्प राहणं मला जमत नाही, कोणालाही विचारा. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत गेलं. खांदा दुखायला लागला, हाताला मुंग्या आल्या.

बऱ्याच वेळानं ती कुशीवर वळली. डोळे मिटलेले. तिची दोन बोटं माझ्या तळहातावर येऊन टेकली.

पहिल्या दिवशी उचलायचं नाही. मी मूठ मिटली नाही.