सीटला बांधलेली पेटी

कुलूपवाल्याचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. रात्री तिला दाराबाहेर ठेवून आतून कडी लावायचा म्हणे. आई गेली तेव्हा तिच्या कपाटाला त्यानं असं कुलूप ठोकलं की धाकट्या बहिणीला आईची शाल बघायलाही मिळाली नाही. तेव्हापासून दोघांचा अबोला. आता बहीण कायमची लेकाकडे निघाली होती. निरोप आला, "दादा, शाल घेऊन ये. दुपारी बोट सुटते."

शाल पत्र्याच्या पेटीत घालून तो बसमध्ये चढला. शेजारी एक दांडगा गडी बसला होता. मिशा अशा की दोन कावळ्यांचे संसार त्यात सुखानं मावले असते. पेटीला जागा व्हावी म्हणून त्यानं पाय आखडून घेतले. झालं! कुलूपवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. फुकट कोण सरकतं? त्यानं पेटी उघडून साखळी नि कुलूप काढलं, झाकण लावून साखळी कडीतून आणि सीटच्या लोखंडी चौकटीतून ओवली. एक डोळा मिशांवर, एक साखळीवर. या तिरळ्या कारभारात किल्ली आत शालीवरच राहिली आणि कुलूप खटकन बसलं.

"माझ्या हातचं आहे," तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. "चोराच्या आजोबालाही उघडायचं नाही."

"छान आहे," एवढंच म्हणून मिशीवाला खिडकीबाहेर बघू लागला.

धक्क्याजवळ बस थांबली आणि खिसे चाचपता चाचपता कुलूपवाल्याला घाम फुटला.

"काका, उतरताय ना?" कंडक्टर ओरडला.

"किल्ली... पेटीत राहिली."

"मग बोलवा चोराच्या आजोबाला!" मागून एक बाई म्हणाली. सगळी बस खो-खो हसली.

मिशीवाला तेवढा हसला नाही. ड्रायव्हरकडून पाना मागून तो सीटखाली शिरला आणि बोल्ट सोडवू लागला. "संध्याकाळी डेपोत आणून देतो," असं ड्रायव्हरला सांगून पेटीसकट सीट डोक्यावर घेऊन तो उतरलासुद्धा.

"अहो, तुम्हाला तर पुढं जायचंय!" कुलूपवाला म्हणाला.

"बस दुसरी मिळेल. बोट मिळायची नाही. पाय उचला."

पुढं मिशीवाला, मागं मान खाली घालून कुलूपवाला. वाटेत एका म्हातारबांनी हात करून सीट थांबवली नि विचारलं, "एक जागा आहे का?" लोक पोट धरून हसले. कुलूपवाल्याला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं.

धक्क्यावर एका खलाशानं पेटीची कडी कापली. कुलूप मात्र शाबूत! बहिणीनं शाल गालाला लावली. मग तिची नजर साखळीतल्या कुलपावर गेली.

"हे कुणासाठी रे, दादा? कपाटाला लावलेलं माझ्यासाठी होतं."

त्यानं साखळी पायानं सीटखाली सारली.

"मीच म्हटलं लावा, ताई," मिशीवाला म्हणाला. "पेटी सारखी घसरत होती."

"खरंच?" तिचा चेहरा उजळला. "मला वाटलं, तू अजून तसाच आहेस." तिनं त्याला घट्ट मिठी मारली.

खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि बोटीचा भोंगा वाजला. तोंड मिटलं. भोंगा थांबला, बहीण शिडी चढून वर गेली, तिथून शाल हलवू लागली. तरी तोंड काही उघडलं नाही.

"आता एक बाजू धरा, भाऊ," मिशीवाला म्हणाला.

कुलूपवाल्यानं मागची बाजू धरली. पुढं राहिला असता तर डेपोपर्यंत मिशीवाल्याचे डोळे त्याच्या पाठीवर राहिले असते.