लंबक कालच्याच जागी

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सहावीचे सगळे वर्ग जमिनीवर मांडी घालून, पालक भिंतींना टेकून आणि खिडक्यांच्या गजांमधून पाचवीचे चेहरे आत डोकावलेले. मधोमध टेबल, टेबलावर पंख्याच्या आकाराचा पुठ्ठा, त्यावर आठ मुलांची नावं. चित्रकलेच्या बाई दोऱ्याला बांधलेला पितळी लंबक पुठ्ठ्यावर धरून उभ्या होत्या. त्यांचा हात अगदी स्थिर दिसत होता. लंबक मात्र आधी थरथरला, मग हलला, आणि थोड्याच वेळात एकाच नावाच्या रेषेत मागेपुढे झुलू लागला.

"नवीच," कुणीतरी म्हणालं. सभागृहाने एकदम श्वास सोडला.

टेबलाशेजारचे गृहस्थ मंद हसले. दाढी नाही, माळा नाही, कडक इस्त्रीचा शर्ट. मुलांनी त्यांचं नाव 'कंपनकाका' ठेवलं होतं, कारण दर दुसऱ्या वाक्यात त्यांना कंपनं लागत. वस्तूची कंपनं म्हणे चोराच्या अंगात मुरतात, अंगातून नावात उतरतात, नावातून कागदात आणि कागदातून लंबकात. एवढा प्रवास करून ती दमत कशी नाहीत, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

"मी लंबकाला बोटही लावत नाही," दोन्ही तळवे दाखवत ते म्हणाले. "हात तुमचा, डोळे तुमचे. यात माझं काय आहे?"

हीच त्यांची हुशारी. माणूस स्वतः हातचलाखी करत असेल तर लोक त्याच्या हाताकडे बघतात. इथे हात आमच्याच चित्रकलेच्या बाईंचा, आणि त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत हे मलाही मान्य होतं. त्यांच्यानंतर संगीताच्या सरांनी लंबक धरला. पुन्हा तेच नाव.

आता मुळात हरवलं काय होतं, तर हातोडी. आमच्या शाळेत विजेची घंटा आहे, तरी दिवसाची पहिली आणि शेवटची घंटा पितळेच्या जुन्या थाळीवर हातोडीने वाजवतात. वर्ष संपताना सातवीचा घंटाप्रमुख ती हातोडी सहावीतल्या एकाच्या हाती सोपवतो. सगळी शाळा टाळ्या वाजवते, आणि ज्याला ती मिळते तो पुढचं वर्षभर मान ताठ करून फिरतो. यंदा तो मान पालक संघाच्या अध्यक्षबाईंच्या मुलाला मिळायचा होता. समारंभाला आठवडा उरला असताना मधल्या सुट्टीत हातोडी कार्यालयाबाहेरच्या खिळ्यावरून नाहीशी झाली. त्या वेळी व्हरांड्यात आठ मुलं दिसली होती. अध्यक्षबाईंचा मुलगा त्यांत होता, आणि नवीही. त्यांतला चोर शोधायला कंपनकाकांना बोलावणं गेलं.

नवी वर्षाच्या मध्यावर शाळेत आली. वडील समोरच्या गॅरेजमध्ये मोटारी दुरुस्त करतात. हजेरीत तिला चांगलं नाव आहे, पण सगळ्यांच्या तोंडी ती नवी ती नवीच राहिली. हातोडी गेल्या दिवसापासून स्टाफरूममध्ये एकच वाक्य फिरत होतं, की ही मुलगी येण्याआधी आपल्याकडे कधी काही हरवलं नव्हतं. ज्या स्टाफरूममधून दर वर्षी माझी एक छत्री जाते, त्या स्टाफरूममध्ये हे बोललं जात होतं. मी छत्र्यांची आठवण करून दिली, तर तो विनोद समजून सगळे हसले.

तर त्या दिवशी सभागृहात, दोनदा आपल्या नावावर लंबक झुललेला पाहून नवी उठली. पुढे आली आणि म्हणाली, "मला द्या. मी धरते."

कंपनकाकांनी अगदी आनंदाने दोरा तिच्या बोटांत दिला. तिने दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं. हलू द्यायचाच नाही, असा तिचा चेहरा होता. लंबक हलला आणि तिच्या स्वतःच्या नावावर झुलू लागला.

नंतर ती लंबकाकडे बघतच नव्हती, आपल्या हाताकडे बघत होती. भिंतीशी उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी मान खाली घातली. हेडसरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्या सकाळी मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला तयार असेल. पोलिसांत जात नाही, हे शाळेचं मोठं मन.

मी हेडसरांच्या खोलीत जाऊन भांडले. मी या शाळेत विज्ञान शिकवते. लंबकाचा धडा याच मुलांना शिकवलाय आणि यातल्या निम्म्या पालकांनाही. सगळं पाण्यात. हेडसर विज्ञानाचे पदवीधर, तेही म्हणाले, "तिच्याच हाताने सांगितलं, बाई. अजून काय पुरावा हवा?" डोकं फोडून घ्यावंसं वाटलं.

शाळा सुटल्यावर नवी मला प्रयोगशाळेत सापडली. नळाखाली हात धरून उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "माणूस झोपेत चोरी करू शकतं का?"

दिवसभर दुसऱ्यांनी चोर म्हटल्याचं तिला एवढं लागलं नव्हतं. आता ती स्वतःच स्वतःला चोर समजू लागली होती, आणि हेच घेऊन ती शाळेतून जाणार होती.

मी नळ बंद केला. दोऱ्याला एक खोडरबर बांधलं, तिच्या बोटांत दिलं आणि सांगितलं, हात हलवू नकोस, फक्त मनात म्हण की हे दाराकडे झुलावं. खोडरबर दाराकडे झुललं. मग खिडकीकडे म्हणायला सांगितलं. ते खिडकीकडे वळलं.

"मी हलवत नाहीये, बाई."

"हलवतेस. तुला कळत नाही एवढंच. मलाही कळत नाही, कुणालाच कळत नाही. झोपाळ्याला बोटाचा हलका धक्का दर झोक्याला दिला की झोपाळा वर जातो ना? तसंच आहे हे. मनात जी जागा असते तिकडे बोटं केसभर सरकतात, आणि खाली लंबक वीतभर झुलतो."

"पण माझ्या मनात माझं नाव यावं असं मला नको होतं."

"नको म्हणत होतीस, म्हणजे सगळं लक्ष तिथेच होतं."

मग मी तिचे डोळे रुमालाने बांधले आणि तिला खुर्चीसकट गरागरा फिरवलं. आता दार कुठे, खिडकी कुठे, तिला काही कळेना. ती मनात दार दार म्हणत राहिली आणि खोडरबर झुललं ते कपाटाकडे. रुमाल सोडल्यावर ती पहिल्यांदा हसली. पण मला ठाऊक होतं, तिला पटून दाखला थांबणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडसरांना सांगितलं की सही करण्याआधी आणखी एकदा लंबक धरा, आणि तोही कालच्याच माणसांसमोर. खरं असेल तर पुन्हा तेच येईल, बिघडतं कुठे? कंपनकाकांना नाही म्हणता येईना. सभागृह पुन्हा भरलं, तमाशा बघायला कुणाचीच ना नव्हती.

तोच पुठ्ठा ठेवला, फक्त त्याच आकाराच्या कोऱ्या कागदाने झाकून. कंपनं अंगातून नावात आणि नावातून कागदात जातात, तर आणखी एका पातळ कागदाने त्यांना काय होणार, असं मी विचारलं. काही होत नाही, असं कंपनकाका सगळ्यांसमोर बोलून बसले. चित्रकलेच्या बाईंनी लंबक धरला. तो थरथरला, हलला आणि झोकात झुलू लागला, कालच्याच जागी, डावीकडून तिसऱ्या घरावर. पालकांत कुजबुज झाली. हेडसरांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मी वरचा कागद उचलला. झाकण्याआधी मी पुठ्ठ्यावरची नावं सोडवून वेगळ्या क्रमाने चिकटवली होती. डावीकडून तिसऱ्या घरात आज अध्यक्षबाईंच्या मुलाचं नाव होतं.

अध्यक्षबाई ताडकन उठल्या. "माझा मुलगा असं करणार नाही," त्या म्हणाल्या.

"केलं असं मीही म्हणत नाही," मी म्हणाले. "लंबकाला काल काही माहीत नव्हतं आणि आजही नाही. बाईंना मात्र माहीत होतं की नवीचं नाव काल कुठे होतं. हात तिथे गेला. आपल्या सगळ्यांच्या मनात जे आधीच ठरलं होतं, तेवढंच लंबकाने आपल्याला परत सांगितलं."

चित्रकलेच्या बाईंनी दोरा टेबलावर ठेवला आणि साडीला हात पुसले. कंपनकाकांनी घसा खाकरला. सभागृहात संशय असला की कंपनं बिघडतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला हसू आलं आणि राग त्याहून जास्त. काल त्या सभागृहात संशयाशिवाय दुसरं होतं काय?

दाखला थांबला. माफी कुणी मागितली नाही. हेडसर म्हणाले, झालं गेलं विसरून जाऊ, जणू विसरायचं त्यांनाच होतं. कंपनकाकांनी काढता पाय घेतला. जाताना दोन पालक त्यांचा फोन नंबर लिहून घेत होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. अशा वेळी वाटतं, शिकवणं सोडून द्यावं.

हातोडी आजपर्यंत सापडलेली नाही. कुणी घेतली, मला माहीत नाही. पहिली घंटा सध्या नवीच्या वडिलांनी गॅरेजमधून दिलेल्या पान्याने वाजते आणि आवाज अगदी खणखणीत येतो.

दाखला थांबला त्या दिवशी वडिलांबरोबर फाटकातून बाहेर पडताना नवी परत फिरली.

"बाई, हातोडी कुणी घेतली हे काल कुणालाच माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग तसं कुणी म्हणालं का नाही?"

मी तीस वर्षं शिकवतेय, पण त्या सभागृहात तसं मीही म्हणाले नव्हते. म्हणून तिचा प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. त्यात लाज नाही. आणि कुणी तुमच्या हातात दोरा देऊन दुसऱ्याच्या लेकराचा निवाडा करायला सांगितला, तर आधी नावं झाकायला सांगा.