भर दुपारचे ताट

मालतीने रजनीच्या गालात बोट घातले आणि पुरीचा घास बाहेर काढला. अर्धा चावलेला होता. तो तळहातावर घेऊन तिने उजेडात न्याहाळला, जणू किती पोटात गेला ते त्याच्यावर लिहिलेले असणार होते. सात वर्षांची रजनी रडली नाही. तिला आईच्या त्या बोटाची सवय झाली होती.

"कोणी दिली?"

रजनीने स्वयंपाकघराकडे पाहिले. तिथे सोजरबाई, मालतीच्या सासूबाई, हातात झारा घेऊन कढईसमोर उभ्या होत्या.

"म्या दिली. घासभर पुरीनं पोर मरते का व?"

"आत्याबाई, डॉक्टरांनी कणसुद्धा नको म्हटलंय."

"डॉक्टर! तहसिलीतल्या बाबूची पोर अन् मजुरासारखी दोन्ही वेळ ज्वारी खाते. रंभाबाई काल विचारत होती, काहून व, गहू परवडत नाही का आता?"

इंदूरचा तो डॉक्टर विलायतेहून नुकताच परतला होता. फुगलेले पोट, काटकुळे हातपाय आणि रात्रंदिवस हगवण असलेल्या रजनीला त्याने आठ दिवस ठेवून घेतले आणि मग आईबापांना समोर बसवून एक हकिगत सांगितली. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडात पाव मिळेनासा झाला. लोक फुलझाडांचे कंद उकडून खाऊ लागले. सगळा देश वाळत चालला आणि इस्पितळातली अशीच फुगल्या पोटाची पोरे मात्र बाळसे धरू लागली. पुढे पाव आला आणि पोरे पुन्हा खंगली. तेव्हा कळले की दोष गव्हात आहे. म्हणून गहू बंद, रवा-मैदा बंद, जव बंद. आणि तेही जन्मभर. ज्वारी, तांदूळ, केळी हवी तेवढी द्या. "आणखी एकदा ही अशी खालावली," तो म्हणाला, "तर मला काही करता येईल असं वाटत नाही."

हकिगत शेवटच्या अक्षरापर्यंत खरी होती. बुऱ्हाणपुरात ती कोणालाच पटली नाही. देश उपाशी राहिला आणि आजारी पोरे बरी झाली, असली थाप तापीकाठी कोणी ऐकली नव्हती. आणि तापीकाठी थापा काही कमी ऐकल्या जात नाहीत. शेजारच्या रंभाबाई रजनीला हळूच बोलावून दुधातल्या शेवया भरवत. देवळातले महाराज तिच्या ओंजळीत शिऱ्याचा जरा मोठाच गोळा ठेवत. खुद्द तिचा बाप, मधुकर, बिस्किटांची पुडी खिशात लपवून आणी. राजधानी नागपूरहून भोपाळला गेल्यापासून त्याला कचेरीतल्या फायली हिंदीत लिहाव्या लागत आणि तो सगळ्यावरच चिडलेला असे. "नागपूर गेलं, मराठी गेली," तो म्हणे, "आता पोरीच्या तोंडची पोळीही काढून घ्या." कोणीच दुष्ट नव्हते. मालतीची पंचाईत तीच होती. दुष्टाला दार लावता येते.

माघात सोजरबाईंचे थोरले भाऊ भाईदासमामा तुकईथडहून आले. खांद्यावर केळ्यांचा घड, डोक्याला पागोटे. हा माणूस खरे बोलल्याची नोंद कुठे नव्हती. जैनाबादला पूल नव्हता तेव्हा तापीतली एक मगर आपली चिठ्ठीपत्री पलीकडे पोचवत असे, हे त्यांनी एका पोस्टमास्तरला पटवले होते. आणि तो पोस्टमास्तर दोन दिवस घाटावर बसून होता म्हणतात. मामा चार दिवस राहिले. चार दिवसांत त्यांनी मालतीला तीनदा पोरीच्या गालात बोट घालताना पाहिले. एकदा घास निघाला तो ओसरीवर बसलेल्या पाच-सहा बायकांच्या देखत. बायका मालतीकडे कसायाकडे पाहावे तसे पाहत होत्या.

मामांनी चिलीम खाली ठेवली.

"त्या डॉक्टरनं तुमाले खरं नाही सांगितलं," ते म्हणाले. "शिकेल माणूस, त्याले लाज वाटली असंल. मी सांगतो. असीरगडाच्या खाली गव्हाची पेवं होती. मोठ्या दुष्काळात एक पोर भुकेनं पेवात उतरली. लोकांनी वरून झाकण लावलं. कोणाले माहीत आत पोर हाय? पेव उघडलं तर पोर नाही अन् गहूही नाही."

"बाप्पा!" रंभाबाई म्हणाल्या.

"तवापासून फिरते. ज्या लेकराचं पोट असं फुगलं, ते लेकरू तिनं आपलं मानेल असते. त्याले कोणी गहू दिला की तिले वाटते, माझा दिला. मग ती देणाऱ्याच्या घरी जाते."

"अन् काय करते?"

"काही नाही करत. बसते. भर दुपारी पंगतीत येऊन बसते अन् ताटाची वाट पाहते. उठतच नाही." मामांनी जरा डोळे मिटले. थापेला चेहरा लागतो, तो ते शोधत असावेत. "सहा वर्षांची असंल. हातपाय काड्या, पोट माठासारखं, केस तांबूस. अन् एकाच पायात वाळा."

मोतीबिंदूने अंधुक दिसणाऱ्या सोजरबाई बोटांनी चाचपत तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात थांबला.

जी थाप होती ती बुऱ्हाणपुराने एका घासात गिळली. दुसऱ्या दिवसापासून रंभाबाईंनी आपले गहू पलीकडच्या गच्चीवर वाळत घातले. महाराज रजनीला शिऱ्याऐवजी खोबरे देऊ लागले, तेही जरा लांबून. मधुकर शिकलेला, असल्या गोष्टींवर हसणारा. पण पुडी त्याच्याही खिशातून नाहीशी झाली.

जाताना मालतीने मामांना दारात गाठले.

"मामा, खरं आहे का हे?"

"पोर जगली तर खरं," मामा म्हणाले आणि जोडे घालून निघाले.

दोन महिन्यांत रजनीच्या मनगटाला मांस धरले. ती अंगणात लंगडी घालू लागली. मालतीने तिच्यासाठी वेगळा तवा आणि वेगळे जाते केले होते, त्याला आता कोणी हसत नव्हते. घरात भूत नांदत होते आणि मालती इतकी निर्धास्त कधी झोपली नव्हती.

वैशाखात पोर पुन्हा उतरू लागली.

आधी जेवणावरची वासना गेली. मग पोट ताठ झाले, मग हगवण. मालतीने तवा राखेने तीनदा घासला. जाते उचलून उन्हात टाकले आणि पाथरवटाकडून त्याला नव्याने टाकी लावून घेतली. डबे रिकामे करून पुसले. रंभाबाईंना विचारले तर त्यांनी कानाला हात लावले. इंदूरच्या डॉक्टरचे ते शेवटचे वाक्य मालतीच्या कानात दिवसभर चालू राहिले. ती पोरीला डोळ्यांआड करीनाशी झाली. फक्त दुपारी बारा-साडेबाराला मधुकरचे ताट वाढायला तिला आत जावे लागे.

एका दुपारी मधुकर घरी जेवायला आला नाही. मालती ताट झाकून मागच्या दाराकडे गेली.

परसात पांढरे ऊन होते, डोळे उघडवेनात असे. उंबऱ्याच्या आत सोजरबाई बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दोन्ही हात मांडीवर. बाहेर केळीच्या खुंटाजवळ पितळेचे ताट होते आणि ताटापुढे एक लहान पोर उकिडवी बसून पोळी खात होती. हातपाय काड्या. पोट गुडघ्यांना टेकलेले.

क्षणभर मालतीलाही ती कोण ते कळले नाही.

"खाय माय," सोजरबाई हलक्या आवाजात म्हणत होत्या. "पोटभर खाय. कोणी हात धरणार नाही तुहा."

मालती त्यांना ओलांडून धावली. तिने रजनीच्या तोंडात बोट घातले, पण घास गिळून झाला होता.

"आत्याबाई! रजनी आहे ही!"

"रजनी?" सोजरबाई भिंतीला धरून उठल्या. "रजनी कशी असंल? रोज येते ती. मी ताट ठेवते, अन् येते."

"रोज?"

"आजी काही बोलत नाही," रजनी भेदरून म्हणाली. "आजी खा म्हणते. मला वाटलं, माझंच आहे."

त्या दुपारी मालती खूप बोलली. दोन वर्षांत बोलली नव्हती ते सगळे बोलली. मामांची ती गोष्ट खोटी होती, तुम्हा लोकांसाठीच रचलेली होती, हेही बोलून गेली. सोजरबाईंनी ऐकून घेतले.

"मले कळत नाही का?" त्या शेवटी म्हणाल्या. "साठ वर्षं त्याच्याच थापा ऐकून राहिली मी. पेव खोटं, दुष्काळ खोटा. पण चेहरा त्यानं माझ्या कौतिकचा लावला."

मालतीने हे नाव घरात कधी ऐकले नव्हते.

"मधूच्या आधीची. गेली तवा सहावं लागलं होतं. एक वाळा तापीत पडला तिचा, हाच दादा तवा सोबत होता. त्याच्या ध्यानातही नसंल, तोंडात आलं अन् सांगून टाकलं. पण दादानं बोलावली अन् पोर आली ना व." त्यांनी पदराने डोळे पुसले. "फक्त मले एक समजत नाही. ती गव्हासाठी काहून फिरते? तिले मी गव्हाचं काही कमी पडू दिलं नाही. घरात सगळे ज्वारी खायचे, सासू, नवरा, मी. तिच्यासाठी तेवढा गहू आणायचो. दुधात कालवून द्यायची. शेवटी गिळत नव्हती, तरी मी मांडीवर घेऊन, नाक दाबून..."

हात हवेत तसाच राहिला. दोन बोटे जवळ आलेली, जणू मधे इवलेसे नाक होते.

मालतीने रजनीला उचलले आणि माजघरात जाऊन दार लोटले. संध्याकाळपर्यंत परसातून काही आवाज आला नाही. ताट आत कोणी आणले, तेही तिला कळले नाही.

पुढचे आठ दिवस मालतीने रजनीला भाताची पेज आणि कुस्करलेल्या केळ्यांवर ठेवले. सोजरबाई त्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. मधुकरने आईशी बोलणे टाकले. नवव्या दिवशी पोरीने स्वतःहून भूक लागली म्हटले.

मालती घाईने स्वयंपाकघरात आली. मधुकरसाठी कणीक तिंबून ठेवली होती, हात अजून चिकट होते. चुलीपुढे सोजरबाई बसल्या होत्या. रजनीचा तवा चुलीवर, रजनीची परात पुढ्यात. ज्वारीची भाकर त्या थापत होत्या. डोळ्यांना दिसत नव्हते म्हणून बोटांनी कडा चाचपत थापत होत्या.

एक भाकर झालेली होती. दुसरी तव्यावर फुगत होती. ती जरा लहान होती.

"ही रजनीले ने," सोजरबाई पहिलीकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"आणि ही?"

त्यांनी भाकर उतरवली, पितळेच्या ताटात ठेवली, बाजूला एक केळे सोलून ठेवले. बाहेर बारा वाजायला आले होते. त्या गुडघ्यावर हात टेकून उठू लागल्या, त्यांना उठवेना. म्हणून मालतीच ताट उचलायला वाकली.

"राहू दे!" सोजरबाईंनी ताट झटकन छातीशी ओढले.

मालती दचकून मागे सरली.

"कणकेचा हात आहे तुहा," सोजरबाई हळू म्हणाल्या. "धुऊन ये. मग ताटाले शिव."

मालती मोरीवर गेली. तिने एकदा हात धुतले, नखांत पाहिले, आणि राख घेऊन पुन्हा कोपरापर्यंत धुतले.