सेकेंचा न्यूरॉन

आमच्या अल्माटीच्या ऑफिसात मुख्य असलेल्या सैतबेक आगांना पूर्ण नावाने हाक मारायची कोणाची छाती नव्हती. आदराने नाव तोडून सगळे 'सेके' म्हणत, आणि 'सेके' म्हटलं की पुढचा शब्द 'बरोबर' हाच असायचा. मीही तेच म्हणायचे. माझा करार सफरचंदं निवडणाऱ्या यंत्राच्या प्रात्यक्षिकापर्यंतच होता. ते जमलं तर कायम, नाहीतर घरी.

काम साधं होतं. पट्ट्यावरून आलेलं फळ पहिल्या प्रतीचं की दुसऱ्या, हे एका कृत्रिम न्यूरॉनने ठरवायचं. फळाचा रंग, घेर, वजन हे आकडे त्याला द्यायचे. कशाला किती महत्त्व द्यायचं ते त्याच्यापाशी असतं, आणि त्या महत्त्वालाही आमच्या धंद्यात वजनच म्हणतात. चुकला की त्याने आपली वजनं थोडी बदलायची. यालाच शिकणं म्हणतात.

सेकेंना साधं काम मानवत नाही. माझ्या कोडमध्ये नागडा आकडा फिरकता कामा नये, असं त्यांनी जाहीर केलं. दारात परका आला की आपण कझाक त्याच्या सात पिढ्यांची नावं विचारतो, तशी आकड्यालाही विचारायची. मग प्रत्येक आकड्याला त्याचा टाइप मिळाला, म्हणजे तो कशाचा आकडा ते सांगणारी जात. चुकीच्या टाइपचा आकडा आत घुसू पाहील, तर कोड तपासणारा कम्पायलर त्याला उंबऱ्यावरूनच हाकलणार. न्यूरॉनच्या क्लासला, म्हणजे कोडमधल्या त्याच्या साच्याला, तर सेकेंनी खरोखर सात पूर्वज दिले. चौथ्याला काहीच काम नव्हतं, पण असा एखादा प्रत्येक घराण्यात असतोच.

टाइपची नावं कझाकच हवीत, हाही त्यांचाच हट्ट, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. वजनाला आमच्याकडे शब्द एकच, सलमाक. फळाचं असतं तेही सलमाक, न्यूरॉनचं तेही सलमाक, आणि ऑफिसात सेकेंचं होतं तेही सलमाकच. मी सुचवलं की फळाच्या वजनाचा टाइप वेगळा करू आणि न्यूरॉनच्या वजनाचा वेगळा. नाहीतर एकाच्या जागी दुसरं गेलं तरी कम्पायलर हूं की चूं करणार नाही, दोघं एकाच कुळातले.

"पोरी, आता तू मला कझाक शिकवणार?" सेके म्हणाले. "सलमाक म्हणजे सलमाक. कम्पायलरने पास केलंय ना?"

"केलंय, सेके. बरोबर."

शिकण्याचा भाग त्यांनी स्वतः लिहिला. त्याला हात लावायची मला परवानगी नव्हती.

प्रात्यक्षिकाला यंत्राच्या गिऱ्हाईक कुलाश आपा आल्या. तालगारकडे त्यांच्या बागा आहेत. बादलीभर अपोर्ट जातीची सफरचंदं त्या स्वतः घेऊन आल्या होत्या. त्यांनी लहानसं पण देखणं फळ पट्ट्यावर ठेवलं. यंत्र म्हणालं, दुसरी प्रत. चुकलं, असं आपा म्हणाल्या. सेके खुशीत आले. लाल बटण दाबा, आता ते शिकेल, म्हणाले.

आपांनी बटण दाबलं. पडद्यावर सफरचंदाचं वजन वाढलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वाढलं. ते टरबुजाएवढं जड झालं तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. पहिली प्रत.

आपांनी फळ उचलून तळहातावर तोललं आणि सेकेंना विचारलं. "बाळ, हे यंत्र त्याला खायला घालतं का?"

वजनकाटा बिघडलाय, असं सेके म्हणाले. आपांनी माझ्याकडे पाहिलं. पट्ट्याखालचा तो काटा मीच बसवला होता.

"काटा ठीक आहे, आपा. चुकल्यावर यानं स्वतःचं वजन बदलायचं असतं. हा समोरच्याचं बदलतो."

मी न्यूरॉनबद्दलच बोलत होते, शपथेवर सांगते. पण मागे कोणीतरी हसलं आणि घाईघाईने खोकलं. आपांनी सेकेंकडे नीट पाहून घेतलं आणि फळ बादलीत टाकलं.

"असला एक घरी पोसतेय मी," त्या म्हणाल्या. "दुसरा विकत कशाला घेऊ?"

त्या गेल्यावर सेकेंनी बैठक घेतली. कम्पायलरने पास केलं म्हणून कोड निर्दोष ठरला. तरी चूक तर झाली होती, काहीतरी बदलणं भाग होतं. माझा करार संपवण्यात आला. मला राग आला, रडूही आलं, आणि कप-बशी पिशवीत घालून मी निघाले. सेकेंचं वजन होतं तेवढंच राहिलं.